माळवदावरची माती

माझा जन्म गावातल्या घरात झाला, पण मी मोठी झाले ती शेतातल्या दगडी घरात, आणि तेही माझ्या बापाच्या मर्जीविरुद्ध. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. आमच्या भावकीत अजूनही असे काही जण आहेत की लग्नकार्यात मी दिसले की शेजारणीला सांगतात, शकूला आत्याचा लळा होता ना, म्हणून ती तिकडं राहिली. लळा होताच. पण नुसत्या लळ्यापायी कोणी पंधरा-सोळाव्या वर्षी कपड्यांचं गाठोडं बांधून बापाच्या नाकासमोरून बाहेर पडत नाही. मी पडले, कारण माझ्या आत्याच्या डोक्यावरचं माळवद उतरवायला लोक निघाले होते आणि त्या लोकांच्या पुढे गळ्यात हार घालून माझे वडील चालत होते. भावकीला हे आठवत नाही असं नाही, आठवणं सोयीचं नाही. आता मी म्हातारी झाले, गुडघे कुरकुरतात, दूरचं दिसतं आणि जवळचं दिसत नाही. कोणाची भीड धरायचं माझं वय सरलं.

त्या घराला कोणी घर म्हणत नसे. सगळा गाव त्याला नुसतं 'दगडी' म्हणायचा. दगडीवर गेलतो, दगडीपाशी गाडी सोडली, असं. दिंद्रुडच्या बाजाराला जाणाऱ्या गाडीवाटेला लागून, गावापासून एका हाकेवर नाही पण दोन हाकांवर ते उभं होतं, अजून आहे. ते कोणत्या गवंड्याच्या हातचं याबद्दल भावकीत दोन मतं आहेत, पण ते कशातून आलं याबद्दल एकच. आमच्या पणजोबांच्या वडिलांनी एका जुन्या दुष्काळात विहीर खोदायला घेतली. खाली सगळा काळा पाषाण. ज्यांच्या घरात दाणा उरला नव्हता अशी माणसं ज्वारीवर कामाला आली, विहिरीतून दगड वर येऊ लागला, आणि एवढ्या दगडाचं करायचं काय म्हणून त्याचं घर बांधायला काढलं. विहीर जितकी खोल गेली तितकं घर वर चढलं. मग पाणी लागलं आणि काम थांबलं, म्हणून दगडीची मागची भिंत पुढच्या भिंतीपेक्षा हातभर बुटकी राहिली. येणारे जाणारे त्याला हसतात. मला तर ते घर त्याच गोष्टीसाठी सगळ्यात जास्त आवडतं. पाणी लागल्यावर थांबायची अक्कल आमच्या घराण्यात एकदा तरी होती.

दरवाजा पूर्वेला आणि मुद्दाम ठेंगणा. घोड्यावरचा लुटारू घोड्यासकट आत येऊ नये म्हणून तसा ठेवला म्हणे; पुढे घोडे गेले आणि लुटारू पायी येऊ लागले, तरी प्रत्येकाला वाकूनच यावं लागलं. आत शिरल्यावर ढाळज, तिच्या दोन्ही अंगांना बसायचे ओटे, मग चौक, आणि चौकाच्या तीन बाजूंना सागाच्या खांबांवर तोललेले सोपे. खांबांखाली घडीव तळखडे. भिंती इतक्या जाड की भिंतीतल्या देवळीत मांजर आडवं झोपायचं आणि तरी समईला जागा उरायची. उत्तरेची भिंत आतून पोकळ होती. तिला आम्ही बळद म्हणतो. वरून माळवदावरच्या तोंडातून ज्वारी ओतायची आणि लागेल तशी खाली सोप्यातलं बोळकं उघडून काढायची. रझाकारांच्या दिवसांत आजीने याच बळदात वरून दोरीने दोन लेकरं सोडली होती, माझे वडील आणि त्यांची धाकटी बहीण. दोघं अंधारात ज्वारीवर बसून कच्चे दाणे चावत राहिले. आत्या सांगायची, मला भूक नव्हती, पण दादा चावत होता म्हणून मीही चावले.

आता माळवद. ज्यांनी जन्मभर पत्रे आणि स्लॅबच पाहिले त्यांना हे समजावून सांगावं लागतं. सागाच्या तुळया, त्यांच्यावर आडव्या लाकडांची दाट ओळ, तिच्यावर लिंबाचा पाला, त्यावर चिखलाचा थर, आणि सगळ्यात वर पांढरी माती. ही माती शेतात मिळत नाही. गावातली जुनी घरं पडून पडून जिथे टेकाड झालेलं असतं, तिथली माती पांढरी आणि चिवट असते, ती पाण्याला खाली वाट देत नाही. आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की मृगाच्या आत ती गाडीने आणायची, पाट्यांनी वर चढवायची आणि पसरायची. कोरडीच पसरायची, तिला भिजवून बसवायचं काम आभाळाचं. आणि या मातीला जोडून आमच्या गावात एक रिवाज होता: ज्यानं माती टाकली त्याचं ते साल. घरात भाडेकरू असो, वाटेकरी असो, भावाभावांचा वाद असो, माळवदावर ताजी माती ज्याच्या हातची पडली त्याला पुढच्या आखितीपर्यंत तिथून कोणी उठवत नसे, आणि ताज्या मातीच्या माळवदाला पहार लावायला एकही वडार तयार होत नसे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं मोडणारे मी आयुष्यात पुष्कळ पाहिले. हे मोडणारा नाही पाहिला.

दगडीत गोदाआत्या एकटी राहायची. तिला उमापूरच्या पलीकडे एका बड्या घरात दिली होती. मूल झालं नाही, नवऱ्याने दुसरी आणली, आणि पहिलीने दुसरीच्या हाताखाली राबावं अशी त्या घराने सोय लावली. आत्याने ती सोय एक पावसाळा पाहिली आणि एका सकाळी निघाली. थोडी चालत, थोडी मिळेल त्या गाडीत, अशी माहेरी आली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला दारातून परत लावलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. पण तिला गावातल्या घरात ठेवलं नाही, दगडीत ठेवलं. आणि कोणी विचारलं तर सांगायचे, गोदी सासरी हाय, बरी हाय. कारण आत्याचा दीर सहकारी साखर कारखान्याच्या राजकारणात वजनदार होता. अण्णा आमच्या गावच्या सोसायटीचे चेअरमन, त्यांना कारखान्याच्या संचालकांत जायचं होतं, आणि दिराचा हात धरल्याशिवाय ती पायरी चढता येत नव्हती. सोयऱ्यांत बिघाड झालाय हे उघड होऊन चालणार नव्हतं. म्हणून माझी आत्या गावापासून दोन हाकांवर राहून, रोज विहिरीवर पाणी शेंदताना सगळ्यांना दिसून, अण्णांच्या बोलण्यात मात्र सासरी नांदत होती. गावाला सगळं ठाऊक होतं, पण चेअरमनसमोर गावही तसंच बोलायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या मुठीत घुसमटत कोण होतं ते मात्र कोणी पाहत नव्हतं.

आत्या घुसमटणारी बाई नव्हती म्हणा. उंच, हाडापेराने मोठी, चालायची ती पुरुषासारखी टाच आपटत. शब्द कमी आणि हात सतत चालू. तिच्या स्वयंपाकात मिरची आमच्या घरच्यापेक्षा दुप्पट असायची आणि त्याचं कारण विचारलं तर म्हणायची, एकटीनं खायचं तर चव तरी लागली पाहिजे. पहाटे तिच्या जात्याची घरघर आमच्या गावातल्या अंगणापर्यंत यायची असं मला वाटायचं. आई म्हणायची, तुझे कान तिकडंच असतात. तिचं ते म्हणणं खरं होतं.

मग लागोपाठ कोरडी सालं आली. मृग कोरडा, पोळा कोरडा, दिवाळीला नदीच्या वाळूत पोरं खेळायला लागली. कपिलधारला जाऊन आलेले सांगायचे की धार नाही, कड्यावर नुसता ओला डाग आहे. बैल छावणीला गेले, दावणी मोकळ्या पडल्या, गावात पहाटेच्या घुंगरांचा आवाज बंद झाला आणि त्या शांततेची आम्हाला भीती वाटू लागली. दगडीच्या विहिरीत पाण्याची कधी कमी नव्हती, तीही इतकी आटली की आत्या तळाशी उतरून वाटीने घागर भरायची. खायला रेशनची लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. तिची भाकरी थापताना कडेने चिरत जायची आणि तव्यावर गेली की तुकडे व्हायचे. आत्या त्या पिठाची उकड काढून, मळून मळून तिला वळण लावायची, बरोबर वाळवलेल्या अंबाडीची भाजी नाहीतर येसराची पातळ आमटी. ती आमटी मी नंतर पुष्कळदा केली, चांगल्या दिवसांत, चांगल्या भाकरीबरोबर. तशी लागली नाही असं मी म्हणणार नाही, तशीच लागली. भुकेमुळे जेवण गोड लागतं असं म्हणणाऱ्यांनी मिलो खाल्लेली नसते.

सरकारने पाझर तलावाचं काम काढलं ते दगडीच्या शेतापलीकडे. आमच्या आणि आसपासच्या गावांच्या बायका दिवसभर मातीच्या पाट्या वाहायच्या, आणि त्यांची तान्ही लेकरं बांधाच्या कडेला, खडीच्या ढिगाच्या बोटभर सावलीत फडक्यावर पडलेली असायची. रुक्मिण नावाची एक बाई दुपारी पाणी मागायला दगडीत आली. वाकून आत शिरली आणि ढाळजेतच थबकली, कारण बाहेर अंग भाजत होतं आणि आत दगडी भिंतींचा गारवा होता. आत्याने तिच्या कडेवरचं लेकरू घेतलं आणि संध्याकाळी न्यायला ये म्हणाली. दुसऱ्या दिवशी रुक्मिणीबरोबर आणखी बायका आल्या. तुळयांना पूर्वीच्या काळच्या लोखंडी कड्या होत्या, कशासाठी कोणाला माहीत नव्हतं. आत्याने त्यांना जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या. महिन्याभरात सोपाभर झोळ्या झाल्या. एक रडलं की सगळी रडायची, दोऱ्या करकरायच्या, देवळ्यांतली कबुतरं चिडून चौकात उतरायची. मी शाळा सुटली की तिकडे पळायची आणि दोन्ही हातांनी दोन झोळ्यांना झोके द्यायची. दुपारच्या सुट्टीत बायका पाजायला यायच्या, भिंतीला पाठ टेकून बसायच्या आणि पाजता पाजता झोपून जायच्या. त्या घराचा इतका चांगला उपयोग त्याआधी कोणी केला असेल असं मला वाटत नाही.

अशात सोसायटीचं गोदाम मंजूर झालं. अण्णांना सहकाराचं खरंच वेड होतं, ते नाटक नव्हतं. शेतकऱ्याला बी-खतासाठी बाजारात व्यापाऱ्याच्या ओट्यावर तिष्ठत बसावं लागू नये, गावातच सोसायटीच्या दारात त्याला ताठ उभं राहून माल मिळावा, हे ते जेवताना सुद्धा बोलायचे आणि बोलताना त्यांचा घास हातात राहायचा. त्यांच्या तोंडून ऐकून मलाही ते गोदाम हवंहवंसं वाटायला लागलं होतं. प्रश्न दगडाचा होता. डोंगराचा दगड काढायचा, घडायचा, आणायचा, म्हणजे वेळ. आणि अण्णांना कारखान्याच्या निवडणुकीआधी भिंती उभ्या दिसायला हव्या होत्या. तालुक्याचे साहेब आले, मारुतीच्या पारासमोर सभा भरली, आम्ही बायकापोरी मागे भिंतीला टेकून ऐकत होतो. अण्णा उठले आणि म्हणाले, मळ्यातलं आमचं जुनं दगडी घर पडून आहे, त्याचा घडीव दगड मी सोसायटीच्या गोदामाला देतो. टाळ्या वाजल्या. साहेबांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून अण्णांच्या गळ्यात घातला, शेजारी बसलेल्या आत्याच्या दिराने त्यांची पाठ थोपटली. माझ्या आईने पदराचं टोक ओठांवर दाबून धरलं आणि जमिनीकडे पाहिलं. मी टाळ्या वाजवणाऱ्यांची तोंडं एकेक करून पाहत होते. त्यातल्या किती जणांच्या बायकांची लेकरं त्या क्षणी त्या 'पडून' असलेल्या घरात झोळीत होती, ते मला नावानिशी माहीत होतं.

घरी आल्यावर मी अण्णांना विचारलं, आत्या कुठे राहणार? आमच्या घरात वडिलांना असं समोर उभं राहून विचारायची रीत नव्हती, पण ते त्या दिवशी खुशीत होते, म्हणून उत्तर मिळालं. गोदीला गावात आणू, मागच्या कडब्याच्या खोलीत राहील, काय कमी आहे तिथे. मी विचारलं, मग ती इथं राहते हे सगळ्यांना सांगणार का? त्यावर त्यांनी हार काढून खुंटीला अडकवला. तुला यातलं काही कळत नाही, एवढंच म्हणाले. मला कळत होतं. दगडीत ती लपलेली होती तरी दार तिचं होतं, आडवा टाकायचा अडसर तिचा होता. कडब्याच्या खोलीत ती चेअरमनच्या घरातली एक अडगळ झाली असती, पाहुणे आले की आत ढकलायची. मी आत गेले, माझे दोन परकर-पोलकी आणि शाळेचं दप्तर बांधलं आणि बाहेर आले.

अण्णांनी विचारलं, "कुठं निघालीस?"

मी म्हटलं, "पडून हाय त्या घरात."

"गेलीस तर परत यायचं न्हाई."

"बरं," मी म्हटलं. आईने माझ्या गाठोड्यात शेंगदाण्याच्या चटणीची पुरचुंडी खोचली. तिच्याकडून तेवढं बंड व्हायचं होतं आणि ते तिने केलं.

आत्या मिलोतले खडे निवडत बसली होती. मी रडत रडत सगळं सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं नाही. झोळ्या नुकत्याच रिकाम्या झाल्या होत्या, बायका लेकरं घेऊन गेल्या होत्या आणि घरात जरा वेळ शांतता होती. मला वाटलं आता ती दादाला शिव्या देईल. पण ती म्हणाली, दादाचं सगळंच चुकलेलं नाही, माळवदावर कोरडी सालं लागल्यापासून माती पडलेली नाही, बघणाऱ्याला घर पडीकच वाटणार. आणि ते खरं होतं. त्या कोरड्या सालांत अख्ख्या गावाने माती टाकायचं सोडून दिलं होतं. पाऊसच नाही तर माती कशाला, असा साधा हिशेब होता, आणि त्या हिशेबात आत्याही सामील झाली होती.

"उद्यापासून माती आणू," ती म्हणाली.

मी म्हटलं, पण आभाळात ढगाचा ठिपका नाही, पाऊस येणार नाही.

"पावसासाठी न्हाई टाकायची. माझ्यासाठी टाकायची."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी टेकाडावरून माती खणून डोक्यावरून वाहायला लागलो. गाडी होती, बैल नव्हते. वाट पारावरून जायची, आणि दुष्काळात पाराला माणसांची कमी नसते. एकजण दुसऱ्याला मोठ्याने म्हणाला, "बघ बे, पाणी खाली यायचं सोडून मातीच वर चाललीय." सगळे हसले. दुसऱ्याने आम्हाला ऐकू जाईल असं विचारलं की गोदाबाईला ऊन तर लागलं नाही ना. आत्याने पाटी एका हाताने सावरली, थांबली, आणि त्याला म्हणाली की उठून चार पाट्या वाहिल्या तर तुझं बी ऊन उतरेल. अण्णा समोरून आले ते मान दुसरीकडे वळवून गेले. त्यांना आमची भीती नव्हती. दगडीचं माळवद लांबरुंद, आम्ही दोघी, साहेब पाया घालायला, म्हणजे आधी घर पाडायला, येणार तो दिवस जवळ. दोन बायकांच्या हातून ते होणार नाही हे त्यांचं गणित बरोबर होतं. संध्याकाळी मी वर जाऊन पाहिलं तर एवढ्या मोठ्या माळवदाच्या एका कोपऱ्यात आमची माती, आणि तीही वाऱ्याने अर्धी उडवलेली. मी तिथेच बसून रडले. आत्याने मला रडू दिलं आणि मग खराटा हातात दिला.

रुक्मिणीला आम्ही काही सांगितलं नव्हतं. ती लेकरू न्यायला आली, आमच्या पांढऱ्याफेक झालेल्या तोंडांकडे पाहिलं, आणि विचारलं, "कावून चाललंय हे?" आत्याने तोडक्या शब्दांत सांगितलं. रुक्मिण लेकराला पदराखाली घेऊन ऐकत राहिली. मग म्हणाली, "दिसभर सरकारची माती व्हातोय बाई. एक वखत आमच्या लेकरांच्या सावलीची व्हाऊ." दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर बायका तलावावरून सरळ गावाच्या टेकाडाकडे वळल्या, आपापल्या पाट्या घेऊन. दिवसभर माती वाहिलेल्या बायका, पायांत पेटके आलेल्या, कामावर मिळणाऱ्या सुकडीवर जगणाऱ्या. पाराखालून एकामागून एक डोक्यावर पांढरी माती घेऊन निघाल्या तेव्हा पारावरचं हसू बंद झालं. कारण त्यात पारावर बसलेल्यांच्या बायका होत्या, सुना होत्या. एकाने आपल्या बायकोला हटकलं तर ती थांबलीसुद्धा नाही. भिंतीतल्या दगडी जिन्यावर रांग लागली, पाटी हातोहात वर जायची आणि रिकामी खाली यायची. वारा माती उडवायला लागला तशा बायका हात धरून, ओळ करून, माळवदावर पुढे-मागे चालू लागल्या, पायांनी दाबत. फुगडी नव्हती, गाणं नव्हतं, दमलेल्या बायकांचे श्वास होते आणि पायांचा धप धप आवाज होता. मी त्या ओळीत होते. आयुष्यात मी पुढे बऱ्याच सभा-मोर्चांना गेले, पण माणसांचा जोर म्हणजे काय हे मला पायाखाली त्या माळवदावर कळलं.

यापुढे काय काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे मला हवं तिथं थांबता येईल. गोदाम झालं. डोंगराच्या दगडाचं झालं, उशिरा झालं, आणि तो दगड काढायला गावातल्याच माणसांना काम मिळालं. अण्णा संचालक झाले नाहीत. मी दगडीतूनच शिकले आणि दगडीतूनच मास्तरीण म्हणून नोकरीला लागले. आत्या तिथेच म्हातारी झाली आणि तिथेच गेली. माझे पुतणे आता म्हणतात, माळवद काढून स्लॅब टाकू, माती वाहायला माणसं कुठं मिळतात. मिळतात. मागितली तर मिळतात, आणि नाही मिळाली तर मी अजून पाटीभर उचलू शकते. मागे एका हॉटेलवाल्याला ते तळखडे आणि दार शोभेसाठी हवं होतं. त्याला मी चहा दिला आणि वाकून बाहेर जायला सांगितलं.

तर तो दिवस. सकाळी गाडीवाटेवर जीप दिसली. पुढे साहेब, त्यांच्याजवळ आत्याचा दीर, मागे अण्णा. जीपच्या मागे पायी वडार, खांद्यावर पहारी घेतलेले. आत्या आणि मी माळवदाच्या कठड्याशी उभ्या होतो. कामावर जायच्या आधी लेकरं ठेवायला आलेल्या बायका आमच्या मागे वर चढल्या होत्या, आणि खाली सोप्यात झोळ्या भरायला लागल्या होत्या. वडारांच्या म्होरक्याने वर पाहिलं. उन्हात ती माती इतकी पांढरी दिसत होती की त्याने डोळ्यांवर हात धरला. मग पहार खाली ठेवली, लिंबाखाली जाऊन बसला आणि तंबाखूची चंची उघडली. बाकीचे त्याच्यामागे जाऊन बसले. अण्णांनी त्याला हाक मारली तर तो तिथूनच म्हणाला, "चेअरमनसाब, माती पडलीय." बस्स, तेवढंच.

साहेबांना त्यातलं काही कळलं नाही. ते तालुक्याचे, स्लॅबच्या घरात राहणारे. त्यांनी वर पाहिलं, आतून येणारा लेकरांचा कालवा ऐकला, माळवदाला ठेवलेल्या झरोक्यातून, सान्यातून, वर निघालेला चुलीचा धूर पाहिला, आणि अगदी सरळ मनाने विचारलं की चेअरमन, हे घर तर नांदतं दिसतंय, इथं राहतं कोण?

आत्याच्या दिराने अण्णांना बोलू दिलं नाही. तो हसत म्हणाला, "कोण राहनार, साहेब. कामावरच्या बाया सावलीला बसत्यात. घर रिकामं हाय."

तो बोलत होता तेव्हा त्याची भावजय त्याच्या डोक्यावर, हाताच्या अंतरावर म्हणावं इतकी जवळ उभी होती. त्याने तिला पाहिलं होतं. मला अण्णांचा चेहरा वरून दिसत होता. त्यांनी आधी दिराकडे पाहिलं, मग वर आमच्याकडे. मला वाटलं, ते माझ्याकडे पाहतायत. पण ते बहिणीकडे पाहत होते. तिने डोक्यावरचा पदर मागे सारला होता आणि तिचं तोंड, मान, हात सगळं मातीने पांढरं झालेलं होतं. अण्णांनी हो म्हटलं असतं तर पुढचं सगळं सोपं होतं. रिवाज काय, एका सालाचा. पुढची आखिती येणारच होती, आणि संचालकपद आता हातात होतं.

अण्णा म्हणाले, "माझी बहीण राहती."

ते इतकं हळू म्हणाले की जीपजवळच्या माणसांना आणि कठड्याशी आम्हा दोघींनाच ऐकू गेलं. दिराचं हसू तोंडावरच राहिलं. साहेबांनी एकदा याच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं.

वरून आत्या म्हणाली, "दादा, जरा मोठ्यानं सांग. मागच्या बायांना ऐकू आलं न्हाई."

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. मग मान वर करून, सभेत बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "माझी बहीण राहती हितं. गोदावरी. नवऱ्यानं टाकली तवापासून हितंच राहती."

"टाकली न्हाई. मी सोडून आले. ते बी सांग."

अण्णांनी तेही सांगितलं.